जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलावा काय?

सन २०२४ च्या जून महिन्यांत शाळा उघडली त्या आठवड्यांत आमच्या संगणकवर्गाच्या बारा यंत्रांविषयीं शिक्षकांच्या खोलींत बराच खल झाला. हीं यंत्रें सन २०१२ सालीं घेतलेलीं. तासाची घंटा होऊन मुलें जागेवर बसलीं म्हणजे यंत्रें चालू करावयाचीं, तीं कामास लायक होईपर्यंत हजेरी घ्यावयाची, दोन-चार वह्या तपासावयाच्या, आणि तरीहि पडद्यावरील तें वर्तुळ आपलें फिरतच राहावयाचें, असा क्रम पडून गेला होता. पस्तीस मिनिटांच्या तासांतील सात-आठ मिनिटें अशीं जात. आमच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरीं संगणक नाहीं. त्यांना यंत्राशीं बसावयास मिळतें तें आठवड्यांतून दोन तास, आणि त्यांतूनच हा तोटा. माजी विद्यार्थी व पालक यांनीं मिळून चोवीस हजार रुपये जमविले होते, म्हणजे यंत्रामागें दोन हजार. तेवढ्यांत काय करतां येईल हा प्रश्न होता.

आमच्या एका तरुण सहकाऱ्यांनीं बाजारांत चौकशी करून सुचविलें कीं, मोडींत निघालेल्या यंत्रांतून काढलेले वरच्या प्रतीचे प्रोसेसर स्वस्तांत मिळतात, ते आणून बसवावे. आम्हांसहि प्रथम तेंच पटलें. यंत्र मंद, तर त्याचा मेंदू मंद, आणि मेंदू बदलला कीं सर्व ठीक, ही विचारसरणी वरवर पाहतां अगदीं सरळ दिसते. ती पुष्कळदां चुकते. परंतु नेहमींच चुकते असेंहि नाहीं. ती कोठें चुकते आणि कोठें बरोबर ठरते, हें थोडें विस्तारानें सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहों, कारण घरीं जुना डेस्कटॉप असलेल्या अनेक विद्यार्थ्यांनीं हाच प्रश्न आम्हांस विचारला आहे.

प्रथम यंत्राच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. एखाद्या कचेरींत एक अतिशय चपळ कारकून बसला आहे अशी कल्पना करा. त्याच्या पुढ्यांत एक मेज आहे, आणि दूर ओसरीच्या टोंकाला दप्तरखाना आहे. हवा असलेला कागद मेजावर असला तर काम क्षणांत होतें. नसला तर शिपायास दप्तरखान्यांत पाठवावें लागतें, आणि तो परत येईपर्यंत कारकून हातावर हात ठेवून बसतो. प्रोसेसर हा कारकून, रॅम हें मेज, आणि हार्ड डिस्क हा दप्तरखाना. मेज लहान असलें म्हणजे आणखी एक अडचण होते. नवा कागद ठेवण्यास जागा नसल्यामुळें अर्धवट लिहिलेलेच कागद उचलून दप्तरखान्यांत परत पाठवावे लागतात, आणि घटकाभरानें तेच पुन्हा मागवावे लागतात. ज्या यंत्रांत रॅम अपुरी असते तेथें हा खेळ सारखा चालू असतो.

या वाट पाहण्याचें प्रमाण आंकड्यांनीं पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. आमच्या यंत्रांत इंटेल कंपनीचा कोअर आय-३ २१२० हा प्रोसेसर आहे. त्याच्या घड्याळाची गति ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास ३३० कोटि ठोके. हार्ड डिस्क ही मात्र ग्रामोफोनच्या तबकडीसारखी फिरणारी वस्तु आहे. ती मिनिटास ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचे ८.३ सहस्रांश लागतात. हवी असलेली माहिती वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे ४ सहस्रांशांहून किंचित् अधिक वेळ लागतो, आणि तें टोंक मुळांत योग्य वर्तुळावर नेण्यास आठ-नऊ सहस्रांश जातात. बेरीज सुमारें १२ सहस्रांश सेकंद. आपणांस हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण तेवढ्यांत प्रोसेसराच्या घड्याळाचे जवळजवळ ४ कोटि ठोके पडून जातात. यंत्र सुरू होतांना असे हजारों लहान कागद डिस्कच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आणावे लागतात. अशा स्थितींत या कारकुनाच्या जागीं दुप्पट चपळ कारकून आणला तर तो काय करील? तो आठ कोटि ठोके रिकामा बसेल.

जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें सन १९६७ मध्यें जो विचार मांडला, तो पुढें त्याच्याच नांवाच्या नियमानें प्रसिद्ध झाला. तो येथें फार उपयोगी पडतो, आणि आठवींतील मुलासहि कळण्यासारखा आहे. कामाचा जो भाग आपण जलद करतों तेवढाच जलद होतो. बाकीचा जेथल्या तेथें राहतो. समजा, यंत्र सुरू होण्यास १६० सेकंद लागतात, आणि त्यांपैकीं ४० सेकंदच प्रोसेसर खरोखर राबत असतो. दुप्पट वेगाचा प्रोसेसर घातला तर ४० चे २० होतील, आणि एकूण वेळ १४० सेकंद होईल. ज्याला मुळींच वेळ लागत नाहीं असा प्रोसेसर निर्माण झाला, तरी १२० सेकंदांच्या खालीं आपण जाणार नाहीं. उलट, बाकीच्या १२० सेकंदांतील शिपायाच्या खेपा दहापटीनें लवकर झाल्या, तर जुनाच कारकून ५२ सेकंदांत काम उरकील.

म्हणून प्रोसेसर घ्यावा कीं नाहीं हें ठरविण्यापूर्वीं यंत्र नेमकें कोठें अडतें तें पाहिलें पाहिजे, आणि तें पाहण्यास एक पैसाहि लागत नाहीं. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर नांवाचा तक्ता उघडतो. त्यांत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचे शेंकडेवारीचे आंकडे हलत असतात. तो तक्ता उघडा ठेवून आपलें नेहमींचें काम दहा मिनिटें करावें, आणि जेव्हां जेव्हां यंत्र थांबेल तेव्हां तेव्हां कोणता आंकडा शंभराजवळ आहे तें वहींत लिहावें. आमच्या यंत्रांवर हा प्रयोग केला तेव्हां डिस्कचा आंकडा सतत शंभर, ४ जीबी रॅमपैकीं बहुतेक सर्व भरलेली, आणि प्रोसेसर वीस-पंचवीसवर रेंगाळत असलेला दिसला. कारकून वाट पाहत होता.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, कारण या ठिकाणीं आम्ही स्वतः एकदां फसलों आहों. प्रोसेसराचा आंकडा पंचवीस दिसला म्हणजे तो तीनचतुर्थांश रिकामा आहे, असें नेहमींच समजूं नये. आय-३ २१२० मध्यें दोन कोअर असून ते चार थ्रेड चालवितात, म्हणजे एका वेळीं चार कामांचे धागे हातांत धरतात. एखादा जुना प्रोग्राम एकच धागा वापरणारा असला, तर तो एक धागा पूर्ण ताणला गेला तरी एकूण आंकडा पंचवीसच दिसतो. तेव्हां तक्त्यांतील आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक धाग्याचा आलेख निराळा पाहावा. एक आलेख छतास टेकलेला व बाकीचे जमिनीवर असले, तर तेथें अडचण प्रोसेसराचीच आहे. मात्र तिच्यावर अधिक कोअर हा उपाय नव्हे. एका बैलाच्या गाडीस आणखी चार बैल मागें बांधून ती वेगानें चालत नाहीं. तेथें एकेका कोअरचा वेग अधिक असलेला प्रोसेसर हवा.

बारांपैकीं दोन यंत्रांची गोष्ट निराळीच निघाली. त्यांचीं झांकणें काढलीं तों पंख्याच्या पात्यांखालीं धुळीचा नमदा बसलेला, आणि प्रोसेसर व त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील लेप वाळून खडूसारखा झालेला. प्रोसेसर फार तापला म्हणजे आपला जीव वांचविण्यासाठीं स्वतःच वेग कमी करतो. ब्रशानें धूळ झाडून नवा लेप लावतांच हीं दोन यंत्रें बाकीच्या दहांच्या बरोबरीस आलीं. खर्च लेपाच्या एका नळीचा.

एवढें पाहिल्यावर आमचा निर्णय झाल्यासारखा होता; परंतु सहकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, प्रयोगावांचून निकाल देऊं नये, आणि विज्ञान शिकविणाऱ्यांस तें मान्य करावेंच लागतें. ओळखीच्या एका दुकानदारानें कोअर आय-५ ३४७० हा वापरलेला प्रोसेसर आठ दिवसांच्या बोलीनें दिला. त्यांत चार कोअर आहेत, आणि तो आमच्या यंत्रांतील प्रोसेसराच्या पुढच्या पिढीचा असून त्याच सॉकेटमध्यें बसतो. बसविला, कळ दाबली, पंखा फिरूं लागला, आणि पडदा काळा तो काळाच. दुकानदारानें बिघडलेला माल दिला असा आमचा प्रथम समज झाला, आणि तसें आम्ही बोलूनहि गेलों. पण दोष आमचाच होता. आमच्या मदरबोर्डावर एच-६१ नांवाचा चिपसेट आहे. तो सन २०११ च्या आरंभीं, म्हणजे ही तिसरी पिढी बाजारांत येण्याच्या वर्षभर आधींचा. बोर्डाच्या पोटांतील बायॉस या मूळ आज्ञावलीस नव्या पाहुण्याची ओळखच नव्हती. जुना प्रोसेसर परत घालून, बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवें बायॉस आणून बसविलें, आणि मग आय-५ घातला, तेव्हां यंत्र निमूटपणें सुरू झालें. दुकानदाराची आम्हीं दुसऱ्या दिवशीं जाऊन क्षमा मागितली.

निकाल असा. जुना प्रोसेसर व जुनी हार्ड डिस्क असतांना यंत्र कामास लायक होण्यास १६० सेकंद लागत. आय-५ घालून, डिस्क तीच ठेवून, १४९ सेकंद. मग आय-५ काढून जुना आय-३ परत बसविला, आणि हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी घालून रॅम ४ जीबीची ८ जीबी केली. तेव्हां ४१ सेकंद. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें. माहिती विद्युद्भाराच्या रूपानें चिपांत सांठविलेली असते, आणि कोणताहि कागद काढण्यास सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास वेळ पुरतो. कोणी म्हणेल कीं, एच-६१ बोर्डावरील डिस्कची जोडणी जुन्या प्रकारची आहे, तिच्यांतून सेकंदास ३०० मेगाबाइटपेक्षां अधिक माहिती जात नाहीं, तेव्हां एसएसडीचा निम्मा वेग फुकट जाईल. तें खरें आहे, आणि त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मोठी चित्रफीत एका दमांत उचलतांना तो फरक दिसेल. आमचा लाभ शिपायाच्या लहान लहान खेपा वांचण्यांत होता. बाराहि यंत्रांस एसएसडी व वापरलेली रॅम घालून आमचे चोवीस हजार संपले नाहींत.

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीं तर प्रोसेसर कधींच बदलूं नये असा वाचकांचा ग्रह होईल. आमचा एक माजी विद्यार्थी लग्नसमारंभांच्या चित्रफिती तयार करण्याचा धंदा करतो. त्याचें यंत्र सन २०१९ मधील. त्यांत एएमडी कंपनीचा रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर, बोर्डावर बी-४५० चिपसेट, एसएसडी, आणि १६ जीबी रॅम होती. चित्रफितीचे तुकडे जोडून झाल्यावर शेवटची एकत्र फीत बाहेर काढण्यास त्याला पांच-पांच तास लागत. हंगामांत तो रात्रीं यंत्र चालू ठेवून निजे, आणि पहांटे उठून पाही तों काम अपुरें. गिऱ्हाइकें हातचीं जाऊं लागलीं होतीं. आम्हीं तक्ता पाहावयास सांगितला. डिस्क पांच टक्के, रॅम निम्मी, आणि प्रोसेसराचे चारहि आलेख तासन् तास छतास टेकलेले. येथें कारकुनाच्या पुढ्यांत सर्व कागद होते, आणि कामच त्याच्या आटोक्याबाहेरचें होतें. शिवाय चित्रफितीचें काम तुकडे पाडून वांटून देतां येतें, म्हणजे अधिक हात लावले कीं तें खरोखर लवकर होतें.

या यंत्राचा सॉकेट एएम-४. एएमडीनें हा सॉकेट सन २०१६ पासून पुढें पुष्कळ वर्षें चालविला, आणि त्यामुळें त्याच बोर्डावर बायॉस नवें करून सन २०२१ मधील रायझन ५ ५६००जी बसूं शकला. चार कोअर व चार थ्रेड यांच्या जागीं सहा कोअर व बारा थ्रेड आले. वीज दोहोंचीहि ६५ वॅटच्या वर्गांतली, त्यामुळें वीजपुरवठ्याचा डबा बदलावा लागला नाहीं. आणि पडद्यावर चित्र उमटविणारा भाग दोहोंच्याहि पोटांतच असल्यामुळें निराळें ग्राफिक कार्डहि लागलें नाहीं. पांच तासांचें काम अडीच तासांच्या आंत आलें. नवें यंत्र घेण्याच्या खर्चाशीं ताडून पाहतां त्यानें केलें तें योग्यच केलें, असें आम्हांस वाटतें. नुसता रायझन ५ ५६०० घेतला असता, तर मात्र त्याला कार्ड घेणें भाग पडलें असतें, कारण त्या प्रोसेसरांत चित्राचा भाग नाहीं. एका अक्षराचा फरक. पण अशा अक्षरांतच पैसे बुडतात.

सॉकेटविषयीं थोडें अधिक सांगतों, कारण फसवणुकीची खरी जागा ती आहे. इंटेलच्या सॉकेटांची नांवें त्यांतील स्पर्शबिंदूंच्या संख्येवरून पडलेलीं आहेत. ११५५ बिंदूंचा सॉकेट सन २०११ चा. त्यांत दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर बसतात. सन २०१३ मध्यें ११५० बिंदूंचा आला. त्यांत आधींचे प्रोसेसर बसत नाहींत, आणि त्याचे आधींच्यांत बसत नाहींत. सन २०१५ मध्यें ११५१ बिंदूंचा आला, सहाव्या व सातव्या पिढ्यांसाठीं. पुढें सन २०१७ च्या ऑक्टोबरांत आठवी पिढी निघाली, तिलाहि ११५१ च बिंदु आहेत. परंतु तिला नवा, तीनशेच्या मालिकेंतील चिपसेट असलेला बोर्ड लागतो. जुन्या बोर्डावर ती ठेवली तर बसते, आणि चालत मात्र नाहीं. कंपनीनें असें कां केलें यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या दृष्टीनें एवढेंच महत्त्वाचें कीं, बिंदु मोजून माल घेऊं नये. आपल्या बोर्डाचें नांव बोर्डावरच छापलेलें असतें. तें लिहून घ्यावें, बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डास चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते ती काढावी, आणि प्रत्येक प्रोसेसरापुढें कोणतें बायॉस लागेल तें लिहिलेलें असतें तेंहि पाहावें. यादींत नांव नसेल तर मोह आवरावा. मोठ्या कंपन्यांनीं कचेऱ्यांसाठीं बनविलेल्या यंत्रांच्या याद्या कित्येकदां फारच तोकड्या असतात.

गिगाहर्ट्झच्या आंकड्यासहि भुलूं नये. इंटेलचा पेंटियम ४ सन २००४ मध्येंच ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोंचला होता. आणि वर सांगितलेला आय-५ ३४७० हा ३.२ गिगाहर्ट्झचा असूनहि त्याच्यापेक्षां कितीतरी अधिक काम करतो, कारण एका ठोक्यांत तो अधिक काम उरकतो आणि त्याचे चार कोअर एका वेळीं चालतात. त्या सुमारास घड्याळाचा वेग वाढविणें उष्णतेमुळें अवघड झालें, म्हणून कंपन्या कोअर वाढविण्याकडे वळल्या. सन १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत ही गोष्ट निराळी होती. तेव्हां दर दोन वर्षांनीं वेग झपाट्यानें वाढे, आणि इंटेल स्वतःच ओव्हरड्राइव्ह या नांवानें जुन्या यंत्रांत घालावयाचे प्रोसेसर सन १९९२ पासून विकीत असे. प्रोसेसर बदलला कीं यंत्र तरुण होतें, ही समजूत बहुधा त्या काळची शिल्लक असावी.

एक अडचण अशी आहे कीं, ती कोणत्याहि आलेखांत दिसत नाहीं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ११ साठीं कंपनीनें जी यादी ठरविली तींत इंटेलचे प्रोसेसर, दोन-चार अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, एएमडीचे रायझन २००० मालिकेपासून पुढचे आहेत, आणि शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. एएमडीच्या मालिकांत पुन्हा एक गोम आहे. आमच्या विद्यार्थ्याचा २२००जी नांवानें दोन हजारांचा असला तरी आंतून पहिल्या पिढीचा, म्हणून तो यादींत नाहीं, ५६००जी आहे. त्याला हा दुसरा लाभ अनायासें झाला. आमच्या शाळेच्या ११५५ च्या बोर्डावर मात्र कितीहि चांगला प्रोसेसर घातला तरी तो तिसऱ्या पिढीच्या पलीकडचा असूं शकत नाहीं. सहाव्या-सातव्या पिढीचा बोर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांचीहि हीच गत, कारण आठवी पिढी त्या बोर्डावर चालत नाहीं. बोर्ड बदलावा तर डीडीआर-३ रॅम नव्या बोर्डाच्या खांचेंत बसत नाहीं, म्हणून रॅमहि बदलावी लागते. अशा रीतीनें एका प्रोसेसरासाठीं निघालेला माणूस अर्धें यंत्र विकत घेऊन घरीं येतो. आमच्या वर्गांतील यंत्रांवर आम्हीं सन २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टींत लिनक्स मिंट बसविलें. पहिला आठवडा मुलांनीं चिन्हें निराळ्या जागीं असल्याची कुरकुर केली. दुसऱ्या आठवड्यांत ती थांबली. कचेरींतील हिशेबाचें एक यंत्र तेवढें, त्यावरील प्रोग्राम विंडोजवांचून चालत नसल्यामुळें, नवें घ्यावें लागलें.

इतकें करूनहि ज्यांनीं प्रोसेसर बदलण्याचेंच ठरविलें असेल, त्यांनीं हाताची काळजी घ्यावी. इंटेलच्या या सॉकेटांत केसासारख्या नाजूक पिना बोर्डावर असतात, तर एएम-४ मध्यें त्या प्रोसेसराच्या पोटाखालीं असतात. दोहोंपैकीं कोठेंहि एक पीन वांकली कीं काम बिघडतें. कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील खुणेशीं जुळवून प्रोसेसर अलगद सोडावा, दाबूं नये. एएम-४ चा पंखा काढण्यापूर्वीं यंत्र थोडा वेळ चालू ठेवून लेप ऊन होऊं द्यावा, आणि वीज बंद करून ठोकळा पिळत काढावा. सरळ वर ओढला तर कित्येकदां प्रोसेसरहि त्यास चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. नवा लेप वाटाण्याएवढा पुरे. पंख्याची तार जोडावयास विसरूं नये; आम्ही एकदां विसरलों होतों.

दहावींतील एका मुलानें गेल्या पावसाळ्यांत आम्हांस गांठलें. त्याच्या घरीं कोअर आय-३ ६१०० चें यंत्र आहे, आणि त्याचे वडील एका कारखान्यांत रात्रपाळी करून मिळालेले जादा पैसे प्रोसेसरासाठीं बाजूला ठेवीत होते. कोअर आय-५ ८४०० घ्या, सॉकेट तोच ११५१ आहे, असें कोणीतरी त्यांना सांगितलें होतें. "सर, उद्यां बाबा पैसे देऊन टाकणार आहेत," तो म्हणाला. आम्हीं त्याला बोर्डाचें नांव आणि दहा मिनिटांचे आंकडे लिहून आणावयास सांगितलें, आणि वडिलांना एक दिवस थांबण्याविषयीं निरोप दिला. दुसऱ्या दिवशीं त्यानें वही आणली. बोर्डावर एच-११० चिपसेट. म्हणजे आठव्या पिढीचा तो आय-५ त्यावर चाललाच नसता. आंकडे डिस्क १००, रॅम ९२, प्रोसेसर १४. त्या पैशांच्या एका भागांत एसएसडी आली आणि रॅम दुप्पट झाली. लिनक्स त्यानें स्वतः शाळेंतील यंत्रांवर पाहून घेतलें होतें तसें घरीं बसविलें. त्याची थोरली बहीण आतां त्यावर कॉलेजचा अभ्यास करते. यंत्राचें घड्याळ मात्र रोज सकाळीं मागें पडलेलें दिसे. तें बोर्डावरील नाण्याएवढ्या सेलामुळें. सीआर-२०३२ या नांवाचा तो सेल कोणत्याहि घड्याळजीकडे मिळतो. तो बदलल्यावर तेंहि थांबलें.